आतल्या बाजूची कडी

तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत एका बाईला कोंडून ठेवलंय, ही बातमी तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्याने फोडली. त्याच्याकडे पुरावाही होता. तीन आठवडे झाले, तिचा एकही कपडा इस्त्रीला आला नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी त्यात भर घातली की तिला तो आजार झालाय आणि घरचे लपवतायत, कारण दवाखान्याची गाडी दारात उभी राहिली तर चारचौघांत शोभा होईल. बातमी दूधवाल्यापर्यंत पोचली तोवर त्यातली बाई गेलेली होती. त्याने चार दिवस दुधाच्या पिशव्या जिन्यातच ठेवल्या आणि पडका चेहरा करून गुपचूप उतरून गेला.

यातलं खरं एवढंच की खोली होती, बाई होती आणि कडी होती. फक्त कडी आतल्या बाजूला होती. बाईला कोणी कोंडलं नव्हतं. तिनेच उरलेल्या जगाला बाहेर कोंडलं होतं.

या बाईला इमारतीत सगळे चेकरबाई म्हणायचे. तयार कपड्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं ती शिवलेला माल तपासत होती. शर्ट हातात आला की ती पहिल्यांदा तो उलटा करायची. मग कॉलर, बगल, बाहीची शिवण, खालची दुमड, आणि शेवटी एकेक बटण अंगठ्याने असं ओढायची की कच्चं असेल तर तिथेच हातात यावं. खोट सापडली की पिवळ्या खडूची फुली. सरळ बाजू सगळेच नीट करतात, असं तिचं म्हणणं. शर्टांच्या बाबतीत ते खरं असेल. पण अठरा वर्षांत ही सवय हातातून डोक्यात चढली होती, आणि ती आता माणसंही उलटी करून बघायची.

ती राहायची थोरल्या भावाकडे. भाऊ, म्हणजे दादा, पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर. घरात वहिनी, आणि दादा-वहिनींची पंधरा वर्षांची मुलगी. या मुलीला घरात साळुंकी म्हणतात, कारण ऐकलेला कुठलाही आवाज ती जशाच्या तसा काढते. लाँड्रीवाल्याचं शिंकणं, शिकवणीवाल्या बाईंचं ‘अगं बाई गं’, पंपाच्या मोटारीचं सुरू होताना अडखळणं, सगळं. हे लिहितेय तीही तीच, पण गोष्ट आत्याची आहे.

सहा वर्षांपूर्वी आत्याची दोन्ही मूत्रपिंडं संपावर गेली. दादाने आपलं एक काढून दिलं. देताना तो म्हणाला होता की दोन पंप असले तरी पाणी एकानेच चढतं, दुसरा नुसता गंज खातो. तेव्हापासून आत्या सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते. शरीराने या नव्या पाहुण्याला हुसकावून लावू नये म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवून ठेवणाऱ्या त्या गोळ्या. पहारेकरी झोपलेले, आणि बाहेर साथ. त्यामुळे एक दिवस सरकारी पत्र आलं, की आपण अतिजोखमीच्या गटात मोडता, पुढील सूचनेपर्यंत घराबाहेर पडू नये, घरातल्यांपासूनही अंतर ठेवावं.

आत्याने पत्र आधी उलटं केलं. मागे काही नव्हतं, म्हणून संशय आणखी वाढला. मग खिडकीशी धरून उजेडात पाहिलं. आपलं नाव त्यांना दिलं कोणी, हा पहिला प्रश्न. दवाखान्याने दिलं असेल, असं वहिनी म्हणाली. आत्याला ते पटलं नाही. दवाखान्याला साधं रक्ताच्या रिपोर्टचं पाकीट वेळेवर सापडत नाही, आणि ते आपणहून पत्र पाठवतात होय? तिचा वहीम कारखान्यातल्या सुपरवायझरवर होता. त्याची मेहुणी सहा महिने काजं-बटणं सोडून तपासणीच्या टेबलाकडे डोळे लावून बसली होती. हा वहीम अजून फिटलेला नाही, आणि फिटेल असं वाटतही नाही.

तिने पत्रावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडची मुलगी कागदावरचं वाचत होती. आत्याने मधेच विचारलं, हे तुम्हीच बोलताय की लिहून दिलंय? मुलीने कागदावरची पुढची ओळ वाचली. आत्याने फोन ठेवला आणि पत्राच्या कोपऱ्यात एक पिवळी फुली मारली. तरी दुसऱ्या दिवशी तिने खोलीला कडी घातली. पत्र खोटं असेल, पण आजार खरा होता, आणि आत जे होतं ते तिचं एकटीचं नव्हतं. दादाने पोट चिरून दिलेली वस्तू कोणा शिंकणाऱ्याच्या हाती ती लागू देणार नव्हती.

खोली तशी सोयीची. मागे छोटं न्हाणीघर, एक खिडकी, दाराबाहेर बोळ. बोळात एक स्टूल. त्यावर ताट ठेवायचं, दार वाजवायचं, निघून जायचं. पावलांचा आवाज स्वयंपाकघरात जाऊन थांबला की मगच कडी निघायची. दाराच्या बाहेरच्या मुठीला ती रोज सकाळी पिवळा खडू फासायची. संध्याकाळी बोटांचे ठसे दिसले की चौकशी. एकदा ठसा सापडला. वहिनीने कबूल केलं की धूळ पुसत होते. आत्या आतून म्हणाली की धूळ पुसणारा हात वरून खाली जातो, हा ठसा मूठ फिरवणाऱ्याचा आहे. वहिनीने कपाळाला हात लावला. मूठ तिनेच फिरवली होती, नणंद आत धडधाकट आहे ना ते बघायला.

सामानाचंही तसंच. पिशवीतून आलेल्या प्रत्येक वस्तूवर फुली पडायची आणि तीन दिवस झाल्याशिवाय ती आत जायची नाही. साबणावरही फुली दिसली तेव्हा वहिनीचा तोल सुटला. साबणाने तर बाकीचं सगळं धुतात, असं ती म्हणाली.

“आणि साबण कोणी धुतला?” आत्याने आतून विचारलं. वहिनीने साबण तीन दिवसांसाठी बाजूला ठेवला.

साळुंकीचा मात्र या दिवसांत नुसता सण चालला होता. शाळा बंद, बाहेर जाणं बंद, आणि घरातच एक कडीकुलुपातला किल्ला. तिने दाराबाहेर उभं राहून पैज लावली. महिन्याच्या आत मी दुसऱ्याच्या आवाजात तुला कडी काढायला लावेन. आत्या म्हणाली, लाव. आणि हरलीस तर? साळुंकीला हरायचंच नव्हतं, म्हणून तिने विचारही न करता सांगितलं, तू म्हणशील ते.

पहिला प्रयत्न फोनवर झाला. साळुंकीने वहिनीच्या फोनवरून, नंबर दिसणार नाही अशी सोय करून, सुपरवायझरचा आवाज लावला. चेकरबाई, तुमच्या टेबलाचं पत्र घेऊन खाली माणूस आलाय, सही करायला दाराशी या. सुपरवायझरचं घशातलं घरघरणंही तिने नेमकं पकडलं होतं. फोनमध्ये आत्याची खाट करकरली. साळुंकीला वाटलं, लागला गळाला मासा.

“सुपरवायझर मला अठरा वर्षांत कधी ‘बाई’ म्हणाला नाही,” आत्या म्हणाली. “आणि तिकडच्या न्हाणीघरातला नळ बंद कर, फोनात ऐकू येतोय. पाणी वाया जातंय, दादा ओरडेल.”

दुसऱ्यांदा ती बोळात येऊन वहिनी झाली. वहिनीच्या सपातांची फटफट केली, पदराने हात पुसल्याची सळसळ केली, आणि म्हणाली की ताटात मीठ विसरले, दार उघडा. आतून उत्तर आलं की वहिनी चूक झाली तर आधी ती दुसऱ्या कोणाची तरी होती असं सांगते. वहिनीने हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि दोन दिवस दोघींशी बोलली नाही.

एवढा संशय, पण त्यातून एक माणूस सुटलेला होता. रोज संध्याकाळी पंपावरून आल्यावर दादा अंघोळ करायचा, कपडे बदलायचा आणि चहाचे दोन कप घेऊन बोळात यायचा. त्याच्यासाठी कडी निघायची. दार सताड उघडायचं, आत्या खिडकीजवळ, दादा बोळातल्या खुर्चीवर, दोघांची तोंडं झाकलेली, फक्त चहाच्या घोटापुरती उघडी. अर्धा तास. पंपावर काय झालं, कुठल्या गल्लीत पाणी कमी दाबाने गेलं, कोण फोनवर शिव्या देत होतं. आत्याच्या दिवसात तेवढंच काय ते माणूस होतं. त्याला ती कधी उलटं करून बघायची नाही. साळुंकीला हे ठाऊक होतं, म्हणून तिने दादाचा आवाज शेवटासाठी राखून ठेवला होता. तो तिला सगळ्यांत चांगला यायचा. फोनवर खुद्द पंपावरचा साहेब फसला होता.

महिना संपायला चार दिवस होते. त्या आठवड्यात दादा दुप्पट पाळ्या करत होता. जोडीदार सुट्टीवर गेलाय, गावाला, असं त्याने चहा पिताना सांगितलं. आत्याने ते ऐकून चहा संपवला. पण कप परत ठेवताना तिने वहिनीला दाराआडून विचारलं, सगळं बंद असताना तो गावाला गेला कशाने? उडत? वहिनी म्हणाली की गेला असेल कोणाच्या गाडीने. जोडीदाराच्या गावावर आत्याच्या मनात एक फुली पडली असावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोळात पावलं वाजली. कप बशीवर किणकिणले. दारावर दोन टकटकी, एक थांबून एक, दादाची पद्धत.

“चहा आणलाय गं,” आवाज आला. “उघड, आज... आज जरा उशीर झाला.”

कडीवर गेलेला आत्याचा हात तिथेच राहिला. वाक्य मधेच थांबलं होतं. दादा वाक्य थांबवत नाही. तो एकदा सुरू झाला की मोटारीसारखा टाकी भरेपर्यंत चालतो. नाकात थोडंसं काहीतरी होतं. शेवटचा शब्द दमल्यासारखा पडला होता. तिला आधी वाटलं साळुंकी, आणि ती हसलीही. मग हसू थांबलं. साळुंकी इतकी गचाळ नक्कल करणार नाही. साळुंकी असती तर हुबेहूब दादासारखी बोलली असती. हा दादासारखा बोलत नाही, म्हणजे हा दादाच आहे.

तिने हात मागे घेतला.

“दादा, तुझा जोडीदार गावाला गेलेला नाही,” ती म्हणाली.

बाहेर कप पुन्हा बशीवर किणकिणले. मग दादाने सांगितलं की जोडीदाराला तीन दिवसांपूर्वी ताप आला होता. तुला उगाच घोर नको म्हणून बोललो नाही. मला काही झालेलं नाही, धूळ गेलीय नाकात, क्लोरीनच्या खोलीत होतो.

“चहा तिथेच ठेव आणि आत्ताच्या आत्ता जाऊन तपासून घे. पुढच्या खोलीत झोप. वहिनीला सांग खिडक्या उघडायला.”

“माझ्यावरही संशय?” दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “तुझ्यात जे आहे ते माझंच आहे.”

“म्हणूनच,” आत्या म्हणाली.

तो गेला. कप ठेवून, जरा जोरातच. साळुंकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उद्याच्या प्रयोगाची तालीम तिच्या ओठांवर होती, ती तिथेच राहिली. दादा तिच्याकडे न बघता चपला घालून बाहेर पडला. आत्या दारामागे उभीच होती. बराच वेळ कपातल्या चहावर साय धरत गेली आणि कडी निघाली नाही.

तपासणीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. दादाला लागण झाली होती. ज्या संध्याकाळी तो बोळात चहा घेऊन उभा होता तेव्हा त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. ताप त्या रात्री चढला. वहिनी आणि साळुंकी सुटल्या. आदल्या संध्याकाळचा अर्धा तास मात्र आत्याच्या खात्यावर होताच. पुढचे दहा दिवस ती रोज स्वतःचा ताप मोजायची आणि थर्मामीटरवर विश्वास नसल्याने दोनदा मोजायची. काही झालं नाही. मधे मधे दादाला फोन करून ती नुसतं बोल म्हणायची, काहीही बोल, आणि तो वाक्य पुरं करतो का ते ऐकायची. आठव्या दिवशी त्याने वॉल्व्हच्या वायसरबद्दल सलग सहा मिनिटं सांगितलं. आत्याने फोन ठेवला, नाक पुसलं, आणि वहिनीला कळवलं की टाकी भरली.

महिना तोवर कधीच उलटून गेला होता. साळुंकीने दादाचा आवाज लावलाच नाही. लावला असता तर कडी निघाली असती की नाही, हे तिला आजही सांगता येणार नाही, आणि त्याच कारणाने तिने लावला नाही. पैज ती हरली.

आत्याने वसुली लगेच केली. एक अख्खा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, फक्त स्वतःच्या आवाजात बोलायचं. साळुंकीला वाटलं, एवढंच? पण सकाळी चहा मागायला तोंड उघडलं तर दूधवाला आला. तो गिळला. मग शिकवणीवाल्या बाई आल्या. त्याही गिळल्या. उरलं ते फार बारीक होतं, आणि तिला ते ओळखीचंच वाटेना. दुपारपर्यंत ती ‘हो’ आणि ‘नको’ यापलीकडे गेली नाही. वहिनी दोनदा तिच्याकडे टक लावून बघून गेली. तिसऱ्यांदा तिने भाजी चिरणं सोडलं, ओला हात साळुंकीच्या कपाळावर ठेवला आणि मागच्या खोलीकडे तोंड करून घाबऱ्या आवाजात सांगितलं की हिचं काहीतरी बिनसलंय, सकाळपासून बोलत नाहीये.

“ताप नाही, वहिनी,” कडीच्या आतून उत्तर आलं. “हरलीय ती.”