नव्या सिस्टिमचं स्थळ

माझ्या बायकोच्या मामांइतका चौकस माणूस कृष्णेच्या या काठाला नाही आणि त्या काठालाही नाही. मधे पाण्यात कोणी उभा असलाच, तर त्याला मामांनी केव्हाच गाठून त्याची सगळी माहिती काढली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मामांचं रहिमतपुरात पाण्याच्या मोटारी आणि पाइपचं दुकान आहे. विकताना मामा चटपटीत आहेत, गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आत पाइप मोजून मोकळे होतात. पण स्वतः काही घ्यायचं म्हटलं की ती वस्तू वस्तू राहत नाही, तिचं स्थळ होतं. सोयरीक करताना आपल्याकडे मुलाच्या घरी सरळ काही विचारत नाहीत. शेजारी, इस्त्रीवाला, गिरणीवाला अशा लोकांकडे आडून चौकशी करतात. ही पद्धत मामांनी पंख्यापासून गादीपर्यंत सगळ्यांना लावलेली आहे. मामींना मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा मामा एसटीनं पाटणला गेले, कारण तिथं एका पाहुण्यांकडे त्याच कंपनीचा मिक्सर कित्येक वर्षं सुखानं नांदत होता. पाहुण्यांकडे चहा घेतला, मिक्सरचं नावही काढलं नाही, आणि बाहेर पडून शेजारच्या म्हातारीला विचारलं, "आजी, ह्यांच्यात चटणी वाटत्यात तवा तुमच्याकडं आवाज किती येतो?" आजी ठार बहिऱ्या होत्या. त्यांनी "पोरं बरी हायत" असं उत्तर दिलं. मामा पुढच्या रविवारी दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांना विचारायला पुन्हा पाटणला गेले. मिक्सर आला तो मामींची पाट्यावर वाटायची हौस पुरती फिटल्यावर.

अशा माणसाच्या दुकानात कॉम्प्युटर आला कसा, तर तो त्यांच्या लेकीनं आणला. पिंकीनं. आता ती दोन लेकरांची आई आहे, नवरा फौजेत आहे, आसामात क्वार्टरवर राहते, पण रहिमतपुरात ती अजून पिंकीच आहे. लग्नाआधी दुकानाचं बिलिंग, स्टॉक, कंपनीला ऑर्डर धाडणं हे सगळं तिनं त्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि सासरी निघून गेली. मागं राहिले मामा आणि तो. मामा त्याला पाहुण्यासारखं वागवतात. चपला बाहेर, सकाळी उदबत्ती, दुपारी स्वतः वामकुक्षी घेताना त्याच्याही तोंडावर टॉवेल. माउस टेबलावर सरकवायचा असतो हे त्यांना मान्य नाही, ते तो उचलून पाहिजे तिथं नेऊन ठेवतात आणि बाण तिथं आला नाही की माझ्याकडे बघतात. मी साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध मुलांचे मार्क भरण्यापुरता. पण मी शिकलेला जावई आहे, तेव्हा बाण माझं ऐकेल अशी त्यांची समजूत आहे.

तर हा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी, दुकान आवरायच्या वेळी, नेमानं अडायचा आणि नेमानं आसामातून पिंकीचा फोन यायचा. व्हिडिओवर. मामा पडदा दाखवायला म्हणून मोबाइल फिरवायचे आणि पिंकी ओरडायची, "आप्पा, मला तुमचा कान दिसतोय!" मग कान बाजूला, मग छताचा पंखा, मग मामींचं पोट, आणि मग एकदाचा पडदा. "त्यो गोल फिरतोय बघ." "फिरू दे आप्पा, थांबेल." "अजून फिरतोय." "फिरू दे." असा बराच वेळ दोघंही ते गोल फिरणं बघत बसायचे, रहिमतपुरातून एक आणि आसामातून एक. खरं सांगायचं तर बापलेकीत दुसरं बोलणं म्हणून नव्हतंच. आपल्याकडच्या बापांना लेकीशी नुसतंच बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, मधे काहीतरी काम लागतं. मामांचं काम म्हणजे तो बिघाड. मामी तर तोंडावर म्हणायच्या, "ह्यास्नी इचारा की, मशिन नीट झालं तर पोरगी कशापायी फोन करंल?" मामा त्यावर टॉवेल झटकून आत निघून जायचे.

आणि अशात ती बातमी आली. साताऱ्याचे सीए म्हणाले, कॉम्प्युटर ज्या जुन्या सिस्टिमवर चालतो, तिच्याकडे आता तिची कंपनी बघणार नाही, नवी टाका. मोटारीच्या कंपनीनंही कळवलं की पुढच्या हंगामापासून ऑर्डर नव्या सिस्टिमवरूनच घेतल्या जातील. बाजारपेठेत एकच विषय झाला, घ्यावी का घेऊ नये. कापडवाले, किराणावाले, खतवाले, सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की मामा चौकशी करून सांगतील तसं करायचं. मामांना इतका मोठा मान आणि इतकं मोठं संकट एकाच दिवशी मिळालं.

मामा लगेच कामाला लागले. आटपाडीत एका पेंडीच्या दुकानदारानं नवी सिस्टिम घेतली होती, तेव्हा तिकडे जायचं ठरलं. गाडी माझी, पेट्रोल माझं, रविवारही माझाच. एवढ्या उन्हात आटपाडीला पोचल्यावर मी दुकानाकडे वळलो, तर मामांनी माझा दंड धरला. "पावणं, डोकं हाय का न्हाई? घरच्या माणसाला कोण इचारतंय? त्यो कौतुकच करनार." आणि ते शेजारच्या शिंप्याकडे जाऊन पायजम्याची नाडी विचारू लागले. नाडीवरून हवेवर, हवेवरून पावसावर आणि पावसावरून अलगद शेजारच्या दुकानावर.

"ह्यो पेंडवाला कामाच्या वक्ताला आरडतो का हो?"

"आदी लय आरडायचा," शिंपी म्हणाला. "त्या कॉम्प्युटरला शिव्या घालायचा रोज. आमी हातातलं काम टाकून ऐकायचो. आता नवीन काय बसवलंय म्हनं, तवापास्नं तोंडातनं सबूद न्हाई. आमालाच करमंना झालंय."

"एकदा बी अडकलं न्हाई?"

"न्हाई वो. पोरगा हाय त्याचा पुण्याला, त्यो आदी सारखा फोन करायचा, ह्ये दाब, त्ये दाब. आता त्याचा फोन बी येत न्हाई म्हनं."

मामांनी नाडी घेतली नाही. येताना विट्याला भजी खाऊ म्हटलं तरी नको म्हणाले. मी चिडून विचारलं, "मामा, एवढं चांगलं स्थळ, कुठंच खोट नाही, मग तोंड का पाडून बसलाय?" तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोटच न्हाई, हीच खोट हाय की."

व्यापाऱ्यांची बैठक मामांच्याच दुकानात भरली. मामांनी मन लावून विरोध केला. "घरानं मोठं हाय, नाव हाय, दिसायला बी बरी हाय," त्यांनी सुरुवात केली. "पर वळन बघा. ते सुरू करायचं बटन आजवर डाव्या कोपऱ्यात हुतं का न्हाई? हिनं आल्या आल्या मधी आनून ठेवलं. नवी सून घरात पाय टाकतीया न टाकतीया तवर देव्हारा उचलून सोप्यात मांडती, तिला काय म्हनायचं?" किराणावाल्यांनी जोरात मान हलवली, त्यांच्याकडे नुकतंच लग्न झालं होतं. "दुसरं. ही जुन्या मशिनवर बसत न्हाई. नवं मशिन घेऊन द्या, तरच नांदायला येनार. म्हंजी हुंडाच की ह्यो! कायद्यानं गुन्हा हाय." कापडवाले हळूच म्हणाले, "पर मामा, जुनी रोज अडतीया तुमची." मामा उसळले, "अडंना! घरातलं मानूस अडत न्हाई का? म्हनून काय हाकलून देतो का आपन?" बैठक इथंच संपली, कारण बटाटेवडे आले.

हंगाम तोंडावर आला. जुन्या मशिनवरून ऑर्डर जाईना, मोटारी येईनात, आणि आजवर मामांकडून मोटार नेणारे लोक कोरेगावला जाऊ लागले. हे पिंकीला मामींनी सांगितलं. मार्चात नवऱ्याला सुट्टी मिळाली तशी ती लेकरं घेऊन माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या गाडीतून (ती माझीच असते) साताऱ्याहून नवं मशिन आणलं. जगातल्या कुठल्याही मालाला मामा नाही म्हणू शकतात, पिंकीला नाही. "पंचांग तरी बघ की," एवढाच काय तो त्यांनी विरोध केला. चहा गार व्हायच्या आत नवी सिस्टिम सुरू झाली. बिल निघालं, ऑर्डर गेली. बटणसुद्धा तिनं त्यांच्यासाठी परत डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं, म्हणजे तेही भांडण उरलं नाही. जुन्या मशिनवर मामांनी टॉवेल घातला तो काढलाच नाही.

सुट्टी संपून पिंकी गेली. बाजारपेठेनं पुन्हा मामांना विचारलं. मामा खोटं बोलत नाहीत. "घ्या," ते म्हणाले, "बिनघोर घ्या. काय सुदिक बिघडत न्हाई." त्यांचा चेहरा असा होता की खतवाल्यांनी धास्तावून आणखी महिनाभर वाट पाहिली.

ती गेल्यावर थोड्याच दिवसांनी मी घरच्या नळाला वायसर न्यायला दुकानात गेलो होतो. संध्याकाळची वेळ. हिशेब मिटलेला, पडदा लख्ख, कुठंही काही गोल फिरत नव्हतं. मामा मोबाइल समोर ठेवून बसले होते.

"पावणं, कुठं काय अडलंय का बघा की जरा."

मी बघितलं. "नाही मामा. सगळं नीट आहे."

"नीट हाय ना? व्हय. कालबी नीटच हुतं." मग मोबाइल उलटा करून पुन्हा सुलटा ठेवत म्हणाले, "फोन आला न्हाई पोरीचा. गेल्यापास्नं न्हाई."

"मग तुम्ही करा."

"करून बोलू काय? सगळं बरं चाललंय ह्ये सांगाया कोन फोन करतंय व्हय?"

मला राग आला. त्यांचा आला, त्या मशिनचा आला, आणि मी माझ्या वडिलांना महिन्यातून एकदा करतो तो फोन आठवला, त्याचाही आला. मी मोबाइल उचलला, नंबर लावला आणि त्यांच्या हातात कोंबला. एक रिंग पुरी व्हायच्या आत पिंकीनं घेतला.

"आप्पा! काय अडलं?" आवाजात नुसता आनंद.

"काय न्हाई गं."

"काहीच नाही? बिल?"

"निघतंय."

"ऑर्डर?"

"गेली."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी वायसर बघू लागलो.

"मग," पिंकी हळूच म्हणाली, "ठेवू का?"

"ए, थांब थांब! ठिवू नगंस," मामा घाईघाईनं चष्मा चढवत म्हणाले. "मी बघतो की. सापडंल काय तरी."

"शोधा, आप्पा," ती म्हणाली. "सावकाश शोधा. मी आहे फोनवर."

मामांनी खुर्ची पुढं ओढली आणि सगळं व्यवस्थित चाललेल्या त्या पडद्यावर, मोठ्या आशेनं, अगदी वरच्या कोपऱ्यापासून शोधायला सुरुवात केली.