आईचं तिखट आणि आत्याचं रक्त

बाबांच्या पोटातला कॅन्सर काढला, तेव्हा त्याच्यासोबत निम्म्याहून अधिक जठरही गेलं. पोशीरला घरी आल्यावर ते लहान मुलासारखे वाटी-वाटी भात खायचे. शिळफाट्याची आत्या, त्यांची धाकटी बहीण, भेटायला आली. वाटीत डोकावली आणि आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दादाचं पोट त्या तिखटानं नि खाऱ्या सुकटीनं जाळलं. आमच्या घरान्यात नाय हो असलं काय."

आईनं त्या दिवशी भांडी फार जोरात घासली.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी घरातल्या आजारांची चौकशी केली. बाबांचे वडीलही पोटाच्याच दुखण्यानं तरुणपणी गेले होते. ते ऐकून त्यांनी बाबांचं रक्त तपासायला पाठवलं. मग समजावलं, "पेशी वाढताना डीएनएच्या नकलेत चुका होतात. त्या दुरुस्त करणारी जनुकं असतात. यांच्या त्यातल्या एका जनुकात जन्मापासून दोष आहे. त्यानं धोका वाढतो, पण कॅन्सर होतोच असं नाही. खारवलेलं खाणं, पोटातले जंतू, तंबाखू, यांचाही वाटा असतो. मुलांनी, भावंडांनी तपासून घ्या."

नेरळला उतरेपर्यंत आई खारवलेल्या खाण्याचं वाक्य साफ विसरली होती. बाकीचं तिनं स्टेशनबाहेरूनच आत्याला फोनवर ऐकवलं.

"वन्सं, तुमच्याच घरान्यातून आलंय. डॉक्टरीणबाई म्हनल्या."

"आमचं रक्त चोख हाय!" आत्याचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू आला.

"मंग द्या की तपासायला. मला खोटं पाडा," आई अगदी गोड आवाजात म्हणाली. सरळ सांगितलं असतं तर आत्या जन्मात गेली नसती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आईला खोटं पाडायला आत्या नवी साडी नेसून माझ्यासोबत आली. आम्ही दोघींनी रक्त दिलं. माझा रिपोर्ट चांगला आला. आत्याच्यात बाबांचाच दोष निघाला. परतताना जीपमध्ये तिनं माझा हात घट्ट धरला.

"पोरी, मला पन व्हनार गं?"

"होईलच असं नाय, आत्या. पण बघून घेऊ."

नळी घालून तिचं पोट पाहिलं. कॅन्सर नव्हता. जंतू होते, ते गोळ्यांनी गेले. आता तिला अधूनमधून तपासणीला जावं लागतं.

मग आत्यानं आपल्या दोन्ही पोरांना धरून रक्त तपासायला नेलं, आणि त्यानंतर चुलत भावंडांच्या मागे लागली. "घरान्याचं हाय, लाजता काय?" असं ती फोनवर सगळ्यांना दटावते. कशेळ्याचा एक चुलतभाऊ तिचा फोनच उचलत नव्हता. परवा ती थेट त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. चहाला नको म्हणाली, पाण्यालाही नको म्हणाली. शेवटी तो शर्टाची बटणं लावत बाहेर आला, तेव्हा कुठे ती उठली.