अष्टमीच्या आधी बंद केलेली गोळी

माझी मुलगी वेडी नाही, हे मला वर्षभरात इतक्या जणांना सांगावं लागलं, की शेवटी देवीलाही मी तेच चढ्या आवाजात सांगितलं.

सई तेव्हा नऊ वर्षांची होती. कोपरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरले, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. एका आठवड्यात माझी हसरी पोर बदलली. हात धूतच बसायची, पेन्सिल धरता येईना, भिंतीकडे बघून किंचाळायची, मला चावायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लाडाने बिघडलीय. नणंद म्हणाली, बाहेरचं आहे, उतारा टाक. पहिल्या डॉक्टरांनी तर मान वर न करताच अभ्यासाचा ताण लिहून दिला. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट तपासण्या केल्या. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच चुकून मेंदूवर उलटलीय, म्हणाल्या, आणि स्टेरॉइडने ती आवरता येईल.

आधी सलाईनमधून औषध, मग गोळ्या. पंधरा दिवसांत सईने पुन्हा स्वतःचं नाव लिहिलं, तेव्हा मी दुकानात सगळ्यांसमोर रडले. पण त्या गोळ्यांनी तिचा चेहरा सुजून गोल झाला. दर तासाला भूक, झोप नाही, आणि राग असा की ताटच भिरकावायची. शेजारीण हसून म्हणाली, "काय गं, खाऊन खाऊन बाळसं धरलंय की!" शाळेच्या फोटोत तिला मागच्या रांगेत लपवलं. मी शाळेत जाऊन भांडले, शेजारणीशी बोलणं सोडलं, आणि तरी माझं समाधान होईना. कारण खरी तक्रार वरच होती. लेकराच्या डोक्याशी असा खेळ करायचा देवीला काय अधिकार होता?

वर्तकनगरला देवीचं एक देऊळ आहे. तिथे एकटीच जाऊन मी नवस बोलले. नवस कसला, मी व्यवहारच ठरवला. म्हटलं, तू पोरीला बरी कर, मी अष्टमीला तिला गोळीशिवाय धडधाकट तुझ्यासमोर उभी करीन आणि तुझी ओटी भरीन. तोवर तिला तुझ्या दारात आणणार नाही. वायदा चुकवणाऱ्याला मी आयुष्यात कधी दारात उभं केलेलं नाही. देवीला तरी का सोडू?

नवरात्र बसलं तरी गोळ्या चालूच होत्या. गोळी एकदम बंद करायची नाही, आम्ही सांगू तशी हळूहळू उतरवायची, हे डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा बजावलं होतं. पण सई चांगली दिसत होती, आणि दिलेला शब्द मला मोडायचा नव्हता. अष्टमीच्या चार दिवस आधी मी गोळी बंद केली. घरात कुणाला बोलले नाही.

अष्टमीला सकाळी ओटीच्या रांगेत सई माझ्या अंगावर रेलली. दोनदा ओकली. मी म्हटलं, उन्हाने होतंय. आमच्या पुढे एक कोळीण मावशी होती, दोन तास उभी राहून गाभाऱ्याच्या दारापर्यंत पोचलेली. ती वळली आणि सईचा चेहरा हातात धरून बघत राहिली.

"ही गोलीची सूज हाय ना? माझे नातीला किडनीसाटी चालू हाय. गोली सोरलीस काय गो?"

"तुम्ही तुमची रांग सांभाळा," मी म्हटलं.

"रांग गेली चुलीत! पोर थंड परली तुझी. सोरलीस काय, ते सांग."

मी मान हलवली. तेवढं कबूल करायला मला जे लागलं, ते माझं मला माहीत. तिने हातातली ओटी दुसऱ्या बाईकडे दिली, सईला कमरेवर उचललं आणि चालू लागली. बाहेर रिक्षावाला नाही म्हणाला, तशी मी त्याच्याशी भांडायला उभी राहिले. मावशी आधीच आत बसली होती. "बस गो बाय, भांडण माघारी येऊन कर!"

हॉस्पिटलात कळलं, गोळी एकदम तुटल्याने सईचा रक्तदाब उतरला होता. थोडा आणखी उशीर झाला असता तर, असं म्हणून डॉक्टरीणबाई थांबल्या. मग विचारलं, "गोळी कुणी बंद केली?" वर्षभर मी प्रत्येक प्रश्नावर दुसऱ्याचं नाव सांगत आले होते. त्या दिवशी म्हटलं, "मी."

सुई टोचली, सलाईन लागलं, संध्याकाळी सईने खायला मागितलं. तोवर मावशी तिथेच बसून होती. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाली, "माझे सुनेनं पन ह्योच शानपना केलेला."

शाळेवरचा माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. देवीशी मात्र आता व्यवहार उरलेला नाही. तिने माझी एकही अट मानली नाही, मावशीच्या हाताने मला दारातूनच परत पाठवलं, आणि त्यातच माझी पोर वाचली. याबद्दल तिचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे, ते मला कळत नाही.

पुढच्या महिन्यात सईला घेऊन गेले. गोळी सकाळीच दिली होती, चेहरा तसाच सुजलेला. ओटी भरताना तिने विचारलं, "आई, मी पूर्ण बरी नाही झाले तर आपण येणार नाही का?"

"येऊ की."

"मग देवीकडे काय मागायचं?"

मी म्हटलं, "आधी नमस्कार तर कर." तिने केला. मीही केला.