मयतच्या शेजारी लग्न

फेबियन अंकल पापडी गावात आमच्या शेजारी राहतात. चौदा वर्षं त्यांनी मोबाइलची अ‍ॅप्स बनवली आणि गेल्या जूनमध्ये कंपनीने त्यांना कामावरून कमी केलं. त्यानंतर तीन ठिकाणी मुलाखती झाल्या. तिन्हीकडे एकच प्रश्न, तोही पोरासोरांनी विचारलेला: ‘सर, सध्या काय चाललंय?’ याला सांगण्यासारखं काहीतरी हवं, म्हणून त्यांनी गावासाठी अ‍ॅप करायला घेतलं. गावच्या मंडळाने ते घेतलं की सांगता आलं असतं, हे चाललंय.

वर चार टॅब होते: मिस्सा, लग्न, मयत, जाहिराती. बोट आडवं सरकवलं की पान बोटाबरोबर सरकायचं आणि नावाखालची निळी रेघही सोबत चालायची. ती रेघ पानाच्या मागे पडू नये म्हणून अंकल तीन आठवडे झिजले. इतर कशाबद्दलही विचारा, ‘नाही, म्हणजे, बघू.’ रेघेबद्दल विचारा, तासभर सुटका नाही.

त्यांच्या आईचं, रोझमेरी आंटीचं, बोट मात्र चालेना. जन्मभर केळीच्या वाडीत राबलेलं, घट्टे पडलेलं बोट.

“तुझा फोन मला ओळखत नाय रे फेबू.”

“दाबू नकोस आई. नुसतं सरकव.”

“मंग मी काय करते? कणीक मळते?”

शेवटी अंकलनी अ‍ॅप इतकं हलकं करून ठेवलं की बोट जरा आडवं हललं तरी पान उलटायचं. आंटी खूश झाली. अंकलही.

रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात मंडळ जमलं. अध्यक्ष ज्युड सर, निवृत्त हेडमास्तर. “प्रयोग जनतेवर करायचा, कळलं? हं. आल्बिना, तू ये.”

आल्बिना मावशीचा नवरा फ्रान्सिस जाऊन वीस दिवस झाले होते. मयतच्या टॅबमध्ये त्याचाच फोटो सगळ्यांत वर होता. मावशीने फोन हातात धरला, बराच वेळ बघितलं आणि आपल्याकडे शवपेटीपाशी करतात तसा अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढला. उभी रेघ काढली, फोटो थोडा खाली सरकला. आडवी रेघ काढली आणि फ्रान्सिस गेला. समोर लग्नाचा टॅब, हार घातलेलं हसरं जोडपं.

“फेबू, हा कुठं गेला?”

अंकलनी फोटो परत आणून दिला. तिने पुन्हा क्रूस काढला. पुन्हा जोडपं.

“आंटी, अंकल दुसरं लग्न करायला गेले वाटतं,” गिटारवाला डिलन मागून म्हणाला. चारपाच जण हसले. मावशीने तिसऱ्यांदा काढून बघितला, मग फोन ज्युड सरांच्या हातात ठेवला.

“माझ्यापाशी थांबायचंच नाय त्याला,” ती म्हणाली.

“सर, एका ओळीचं काम आहे,” अंकल म्हणाले. “त्या टॅबवर सरकणं बंद करतो. दहा मिनिटं.”

“बरोबर आहे तुझं. पण मयत-लग्न लिहायला चर्चच्या दारात फळा आहे ना. फळा हलत नाही. कळलं? हं.”

सगळे चहाकडे वळले.

घरी येऊन अंकलनी खरंच दहा मिनिटांत केलं. फोन माझ्यापुढे धरला. “क्रूस काढ.”

मी काढला. फ्रान्सिस अंकल जागचे हलले नाहीत.

“आता ज्युड सरांना दाखवू या?” मी विचारलं.

“काय दाखवायचं.”

मंडळाने नाही म्हटल्यावर लोकांचे फोटो ठेवायचे कसे, म्हणून अंकल एकेक मयत पुसू लागले. तेवढ्यात दारातून रोझमेरी आंटी म्हणाली, “झालं ना तुझं ते? मंग उद्यापासून वाडीत ये. केळींना पानी द्यायचं हाय.”

“येतो,” अंकल म्हणाले आणि पुढचा फोटो पुसला.