अजून नवाच आहे

बेल पूर्ण दाबायची नाही, नुसती टिंग करून सोडायची, ही त्यांची खूण. मी दार उघडलं की समोर काका. छातीशी टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप, दवाखान्यातून बाळ घरी आणताना धरतात तसा धरलेला. चपला स्वतःच्याच दारात काढून अनवाणी आलेले. मग ते ठरलेलं बोलणं, "परत बंद पडला. अजून नवाच आहे हो."

हे 'अजून नवाच आहे' ते मला सांगायचे, यंत्राला सांगायचे की स्वतःला, मला कधी कळलं नाही. सूर मात्र असा, की तो लॅपटॉप मीच बनवला आणि मीच त्यांच्या गळ्यात मारला.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एखादं माणूस असणार. आपण कामात बुडालेलो असताना हमखास येणारं, आणि ज्याला 'आत्ता नको' म्हणणं जिवावर येतं असं. आमच्या समोरच्या दाराला आता कुलूप आहे. मुलानं काकांना अमेरिकेला नेलं. आमची बेल अजूनही वाजते, पण पूर्ण वाजते.

घराघरात ब्रॉडबँड नवं नवं येत होतं तेव्हाची ही गोष्ट. मी घरातच डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, मंडळांच्या स्मरणिका. घरात कॉम्प्युटर असलेली बाई म्हणजे बिल्डिंगच्या लेखी कॉम्प्युटरची डॉक्टरच. मला टायपिंग येतं, रिपेरिंग येत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. कोणाला पटेल तर शपथ.

काका सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. बनून आलेला माल तपासायचा आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. मखमलाबादहून येणारी भाजीवाली त्यांना जिन्यात बघितलं की टोपलीवर फडकं टाकायची, कारण काका कोथिंबिरीची जुडी उलटी करून देठ बघायचे. एका वर्षी गणपतीच्या मांडवाचा खांब हलवून त्यांनी 'रिजेक्ट' म्हटलं आणि पोरांना आरतीच्या आधी तो उपटून पुन्हा रोवावा लागला. माझ्या घरी आले तर बसायच्या आधी खुर्ची डुगडुगते का बघायचे. मला राग यायचा. खुर्ची डुगडुगायची, तो भाग वेगळा.

हा माणूस मग घरात अडकला. काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. काकू म्हणजे केस विंचरून, साडी चापूनचोपून नेसल्याशिवाय दूधवाल्यासमोरही न येणारी बाई. काकांनी त्यांची ती शिस्त पुढे चालवली. आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि आल्यागेल्याला बाहेरच चहा पाजून वाटेला लावायला लागले. कोणी आत जायला निघालं की म्हणायचे, "आत पसारा आहे." त्या घरात पसारा? आम्ही समजायचं ते समजायचो.

काम करणारी बाई असेल तेवढ्यात ते खाली उतरत. गिरणी, औषधाचं दुकान आणि परत. एकदा घोटीला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. काकांनी सफारी चढवला, अत्तर लावलं, आणि नेमकी त्या दिवशी बाई आलीच नाही. फाटकापाशी उभे राहून तिची वाट बघितली, मग मुकाट वर आले. दुपारी मी शिरा घेऊन गेले तर सफारीतच बसून वरणभात खात होते. म्हणाले, घातलाच आहे तर म्हटलं राहू दे.

त्या घराला एकच खिडकी होती म्हणा ना, तो लॅपटॉप. मुलानं येताना आणला, वर कॅमेरा लावून दिला आणि सांगून गेला की टेबलापर्यंत यायची गरज नाही, आईच्या मांडीवर ठेवता येईल. नात तिकडेच झालेली. सुनेच्या बाळंतपणाला जायचं काकूंचं तिकीट निघालं होतं, बॅग भरली होती, आणि तेव्हाच तो झटका आला. त्यामुळे नातीला त्यांनी कधी हातात घेतलं नाही. आता दर रविवारी सकाळी ती त्या पडद्यावर यायची. काकूंचा चेहरा आठवड्यातून तेवढाच एकदा हलायचा, असं काका म्हणत.

आणि तो लॅपटॉप बंद पडायचा. पोहे खाऊन होतील एवढा वेळ चालायचा आणि मध्येच पटकन पडदा काळा. ना सूचना, ना काही. काकू घाबरायच्या. पोरीला काहीतरी झालं असं वाटून घशातून आवाज काढत राहायच्या, आणि पुढचा रविवार येईपर्यंत काकांना त्यांना समजवावं लागायचं. म्हणून ती टिंग.

मी काय काय केलं म्हणता. व्हायरस म्हणून सगळं पुसून नव्यानं भरलं. व्होल्टेज म्हणून स्टॅबिलायझर आणायला लावला. दसऱ्याला त्यांनी त्याची पूजा केली होती, झेंडूचं फूल वाहून. तेव्हा कुंकू की-बोर्डात गेलं म्हणून मी एक अख्खी सकाळ ब्रशनं बटणं झाडत बसले. पण माझ्या टेबलावर तो कधी म्हणून बंद पडला नाही. तासन्‌तास चालायचा, गपगुमान. कॉलेज रोडच्या दुकानात नेला, तिथेही चालला. तो दुकानदार काकांना म्हणाला, मशीन ओके आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना ओके म्हणणारा माणूस, त्याला तो शब्द फार लागला.

मी खोदून खोदून विचारलं होतं, घरी ठेवता कुठे? काका म्हणायचे, "टेबलावर." दर वेळी, न चुकता, टेबलावर. इन्स्पेक्शनचा माणूस, मी कशाला शंका घेऊ?

मग एका रविवारी सकाळी टिंग न होता बेल वाजतच राहिली. दारात काका, हात मोकळे. म्हणाले, "जरा आत या. आतल्या खोलीत या."

आतल्या खोलीत पसारा नव्हता. काकूंची वेणी घातलेली, कपाळाला टिकली. उशीला टेकवून बसवलेलं. आणि त्यांच्या मांडीवर, डाव्या हातानं पोटाशी घट्ट धरलेला, बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला लॅपटॉप. नुसता पडदा आणि बटणं तेवढी बाहेर. जुन्या मऊ पातळांचं, आत कापूस घालून बारीक टाके मारलेलं दुपटं. भरलेल्या बॅगेत ते सगळ्यात वर होतं, हे काकांनी मला नंतर सांगितलं. पडदा काळा होता आणि काकू रडत होत्या. पोरगी तिकडे त्यांच्यासाठी शुभं करोति म्हणायला उभी राहिली होती, हात जोडून, आणि पहिल्या ओळीलाच सगळं गेलं.

मी दुपट्यात हात घातला. खालून तो तव्यासारखा तापला होता. मी कपाळाला हात लावला. अहो, त्याला खालून वारा लागतो. फटी असतात त्याला, तिथून पंखा गरम हवा बाहेर टाकतो. दुपट्यात गुंडाळलात तर तो तापणार आणि स्वतःला बंद करून घेणार. इतक्या दिवसांत एक शब्द बोलला असतात तर? मी बरंच बोलले. काका खाली बघत ऐकत होते.

मग हळू आवाजात म्हणाले, "ती असाच घेते हो. काढू देत नाही. लोक म्हणतील, हिचं डोकंही गेलं."

 

पण उपाय सोपा होता. मी माझ्या स्वयंपाकघरातला पाट आणला. काकूंच्या मांडीवर आडवा पाट, पाटावर लॅपटॉप, खालून मोकळा वारा. पुढच्या रविवारी मी मुद्दाम तिथे थांबले. चालला की. पोरीनं शुभं करोति पूर्ण म्हटलं, वर एक इंग्रजी गाणं म्हटलं, नाचून दाखवलं. पडदा एकदाही काळा झाला नाही. मी खुशीत काकूंकडे वळले तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलेलं. डाव्या हातानं त्या पाट ढकलत होत्या. पाट जड होता, हलत नव्हता, तरी ढकलत होत्या.

काकांना आधी कळलं. त्यांनी पाट काढला, लॅपटॉप दुपट्यात ठेवला आणि काकूंच्या पोटाशी दिला. आतला पंखा घुरघुरत होता. तो हळूहळू गरम व्हायला लागला तसा काकूंनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि थोपटायला लागल्या. पोरगी समोर हसत होती. मग सगळं बंद झालं. पण त्या दिवशी काकू रडल्या नाहीत. बंद झाल्यावरही तो बराच वेळ ऊबदार राहतो.

बाहेरच्या खोलीत मी काकांना म्हटलं, असं चालवलंत तर एक दिवस कायमचा जाईल. ते म्हणाले, "रिजेक्ट होईल तेव्हा होईल."

त्यानंतर टॉवेल दिसेनासा झाला. काका रिकाम्या हातानं यायचे, टिंग करायचे आणि दारातूनच सांगायचे, आज शुभं करोति पूर्ण झालं. ते आता पोरीला आल्या आल्या म्हणायला लावत, इकडचं तिकडचं बोलणं नंतर. मुलाला सांगून टाकलं होतं की आमच्याकडे लोडशेडिंग फार, मध्येच लाइट जाते. तेव्हा जातही होती, त्यामुळे फार खोटं वाटायचं नाही. शनिवारपासून लॅपटॉप माठाजवळ गार जागी ठेवायचा, म्हणजे थोडा जास्त वेळ मिळतो, हा त्यांचा शोध. आमच्या नाशिकची थंडी पडली की ते खूश. थंडीत तो तग धरतो, वर हिलाही ऊब मिळते, म्हणायचे. तेवढ्या वेळात त्यांचं सगळं घर मावायचं.

काकू उन्हाळ्याच्या तोंडावर गेल्या. झोपेतच. मुलगा एकटाच येऊन सगळं उरकून गेला. काकांना आता कुठेही जायला मोकळीक होती. बाई येवो न येवो. पण ते गिरणी आणि औषधाचं दुकान यापलीकडे गेले नाहीत, आणि औषधाच्या दुकानात तर काही काम नव्हतं.

मग एका रविवारी टिंग झालं. दारात काका, अनवाणी. छातीशी लॅपटॉप. या वेळी टॉवेल नव्हता, दुपटं होतं. सवयीनं मीच म्हणाले, परत बंद पडला का?

"नाही," काका म्हणाले. "आता बंदच पडत नाही."

मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. ते आत आले, आणि खुर्ची न हलवता बसले. सांगायला लागले. आता टेबलावर ठेवतो, खरोखर टेबलावर. मुलगा बोलतो, सून बोलते, पोरगी शुभं करोति म्हणते. मग बोलणं संपतं. मुलगा विचारतो, बाबा, आणखी काय? मी म्हणतो, काही नाही. तो तिकडे बसलेला, मी इकडे. ठेवतो म्हणायचं त्याला जमत नाही आणि मलाही जमत नाही. लाइट गेली म्हणावं तर माझ्या मागे लागलेला दिवा त्याला दिसतो. बसून राहतो आम्ही.

मी लॅपटॉप दुपट्यातून काढून उलटा केला. खालच्या फटींत कापूस अडकला होता, पातळाचा एक धागाही होता. हाताशी ब्रश होताच, तो मी उचलला.

काकांनी ब्रश माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवला. "ते राहू द्या," म्हणाले. "पहिल्यासारखा बंद पडेल असं काही करता येतं का बघा."