शेजारच्या वकिलांची भाषा

कार्डिफला आमच्या शेजारी एक फ्लेमिश गृहस्थ मुलीकडे राहायला आले होते. आपल्या गावी, गेंटला, त्यांनी आयुष्यभर वकिली केली आणि जमेल तशा गोष्टी लिहिल्या. प्रत्येक वाक्याआधी ते थांबत, जणू समोर न्यायाधीशच बसलेत. मी बागेत फोनवर पुण्याच्या आईशी वाद घालू लागले की झाडांना पाणी घालायचं सोडून ते ऐकत राहत.

"अहो, आमचं भांडण काय ऐकताय?" एकदा मी विचारलं.

"माझ्याशी माझ्या भाषेत भांडणारं आता कोणी नाही. मुलगीसुद्धा इंग्रजीतच उत्तर देते."

एका रविवारी त्यांनी कुंपणावरून आपलं नवं पुस्तक पुढे केलं. "एक पान मोठ्याने वाचा. अर्थ नाही कळला तरी चालेल."

मी मराठी वळणाने वाचू लागले. ते शब्दाशब्दाला मला अडवत होते, फ्लेमिशमध्ये रागवत होते. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात ती फ्लेमिश बोलाचाली ऐकून त्यांची मुलगी धावत बाहेर आली. "डॅड, गेंटहून कोण आलंय?" तिने इंग्रजीत विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. "कोणी नाही," तेही इंग्रजीतच म्हणाले आणि पुस्तक माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.