खिडकीबाहेरची टकटक

गल्लीत सगळे तिला टेलरमावशी म्हणत. वरच्या मजल्यावर, गॅलरीकडच्या खिडकीशी बसून तिनं निम्म्या गल्लीचे कपडे शिवले होते. नवरा छापखान्यात होता. दुपारी पाळी संपवून बाहेरच्या जिन्यानं वर आला की दार सोडून तो खिडकीच्या झडपेवर टकटक करायचा. "आले, आले," म्हणत ती दार उघडायची.

तो गेल्यावर काही महिन्यांनी टकटक पुन्हा सुरू झाली. दुपारीच. पहिल्यांदा ती सवयीनं उठली, दार उघडलं, तर गॅलरी रिकामी. मग ते रोजचंच झालं. तिनं कोणाला सांगितलं नाही. मावशीचं डोकं फिरलं म्हणाले असते. तिला भीती वाटायची. आणि एखाद्या दुपारी आवाज आला नाही, तर त्याहून जास्त वाटायची.

एकदा बाहेरून खिडकी पुसताना चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगलेला दिसला. तिनं कात्रीचं टोक टेकवलं, तर ते लोण्यात जावं तसं आत गेलं. काळा, ओला भुगा बाहेर आला.

तिनं सुतार बोलावला. तो पटाशीनं टोचत टोचत वर गेला. "वीतभर कुजलंय, मावशी. वरची पन्हळ सांध्यात गळतेय, ते पाणी इथं मुरतंय. बिजागरीच्या स्क्रूला धरायला लाकूडच उरलं नाही. वारा सुटला की झडप वाजत असेल."

"वाजते?"

"वाजणारच की. वारा कुठल्या वेळी सुटतो इकडे?"

वारा दुपारी सुटायचा.

रंग खरवडल्यावर खाली भेगा बुजवायच्या लांबीचा जाड थर निघाला.

"ही कोणी भरली?"

"ह्यांनी. घरातलं सगळं तेच करायचे."

"हौस दांडगी! पण कुजलेलं न काढताच वर थापलीय. म्हणजे वरून मलमपट्टी आणि आत पू. पाणी आतच कोंडलं..." बोलता बोलता तो थांबला. वाळलेल्या लांबीत अंगठा उमटला होता, रेषा न् रेषा स्पष्ट.

तिनं त्यावर आपला अंगठा ठेवला. खळगा बराच मोठा होता.

"जपून काढून देऊ?" सुतारानं हळूच विचारलं. "निघेल की नाही सांगता येत नाही. भुसभुशीत झालंय."

"आहे तसंच ठेवलं तर?"

"नवं लाकूडही जाईल."

"मग कापा," ती म्हणाली. आत जाऊन तिनं मशीन जोरात चालवलं. कापडाला शिलाई नीट बसत नव्हती, तरी करवत थांबेपर्यंत तिचे पाय थांबले नाहीत.

सुतारानं टणक लाकूड लागेपर्यंत कापलं, नवा तुकडा तेल पाजून बसवला, पन्हळीचा सांधा बुजवला, लांब स्क्रू मारले आणि रंगाचे हात दिले. झडप ओढून पाहत म्हणाला, "आता वादळ आलं तरी हूं की चूं करणार नाही."

तसंच झालं. दुपारी वारा यायचा, दोरीवरचे कपडे फडफडायचे आणि खिडकी गप्प असायची. सुईत दोरा ओवता ओवता ती कान देऊन बसायची. काम पुढे सरकेना.

शेवटी तिनं मशीन खालच्या अंधाऱ्या खोलीत हलवलं. बहीण आली तेव्हा म्हणाली, "अगं, वर किती छान उजेड येतो!"

"येतो गं," ती म्हणाली. "पण एकटीला करमत नाही तिथे."